एकच बनीम, एकच धूळ; मग बुरशी चुलत्यांच्याच फुप्फुसात का?

परतीच्या पावसात भिजलेली सोयाबीनची बनीम, म्हणजे कापून रचलेली गंजी, तुमच्या वडिलांनी आणि चुलत्यांनी मिळून उकलली, हिरवट धूळ दोघांच्याही नाकातोंडात गेली. वडील ठणठणीत, आणि दम्यासाठी महिनोन्‌महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या चुलत्यांच्या थुंकीत मात्र अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी निघाली. 'चुलत्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे का, काढा सुरू करू का?' असं तुम्ही विचारलंय. लातुरात वीस वर्षं मी थुंकीचे नमुने तपासतोय. असा रिपोर्ट हातात पडला की बहुतेक नातेवाईक हेच विचारतात.

इथे कमी-जास्तीचा हिशोब लागत नाही. बुरशी आत शिरल्याचा निरोप शरीराच्या लढाऊ पेशींना वेळेवर पोचला का आणि बेताचा पोचला का, हे बघावं लागतं.

या बुरशीचा बीजाणू, म्हणजे तिचं हवेत उडणारं बी, जेमतेम 2 ते 3 मायक्रॉनचा, त्यामुळे तो थेट वायुकोशापर्यंत जातो. असे शेकडो बीजाणू आपण रोज श्वासातून ओढतो. बीजाणू निद्रिस्त असतो तोवर त्याच्यावर पाणी न धरणाऱ्या प्रथिनाचं आवरण असतं आणि शरीर त्याच्याकडे फारसं लक्ष देत नाही. ओलावा मिळाला की काही तासांत तो फुगतो, आवरण फाटतं आणि आतलं बीटा-ग्लुकन, म्हणजे बुरशीच्या भिंतीतली साखरेची साखळी, उघडं पडतं. वायुकोशात पहाऱ्याला असलेल्या, जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशीच्या अंगावर डेक्टिन-1 नावाचा ग्राहक (रिसेप्टर) असतो, तो नेमकं हेच ओळखतो. तिथून निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो, सायटोकाइन नावाची निरोप्या प्रथिनं सुटतात आणि रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावत येतात. बीजाणूला कोंब फुटून लांब तंतू झाला की मॅक्रोफेजला तो गिळता येत नाही. मग न्यूट्रोफिलच त्याला मारतात.

निरोपाची तार तुटली तर काय होतं, ते 1996 मध्ये स्ट्रासबर्गला ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत दिसलं. पिकल्या केळ्यावर घोंगावतात त्या फळमाश्यांमध्ये असाच निरोप पोचवणारं टोल नावाचं जनुक बिघडलेलं होतं. त्यांना हीच बुरशी टोचली आणि दोन-तीन दिवसांत त्या मेल्या. मेलेल्या माशीच्या अंगभर बुरशीचे तंतू उगवलेला तो फोटो मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा कितीतरी वेळ नजर हलली नाही. 2011 च्या नोबेलमध्ये हॉफमन यांचा वाटा याच कामासाठी होता.

स्टिरॉइड हाच निरोप दाबतं. दम्याची सूज त्यामुळेच उतरते, आणि बुरशीला मोकळं रान मिळतं तेही त्यामुळेच. त्यात साखर वाढलेली असेल तर न्यूट्रोफिलही मंदावतात. 2021 मध्ये म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) वेळी साखर आणि स्टिरॉइड एकत्र आल्यावर काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. ती बुरशी वेगळी, पण शरीराची अडचण बरीचशी हीच.

पण थांबा, म्हणून गोळ्या बंद करू नका. बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं. शिवाय दम्याच्या काही रुग्णांत उलटा प्रकार असतो: बुरशी थोडी आणि शरीराचा निरोपच अवाजवी. त्या अ‍ॅलर्जीत स्टिरॉइड हाच उपचार. थुंकीतलं बाकी सगळं विरघळवून बुरशी तेवढी दाखवणाऱ्या केओएच या द्रावणाच्या थेंबात मला काचपट्टीवर फांद्या फुटलेले, मधे पडदे असलेले तंतू दिसतात. पण त्यावरून ही अ‍ॅलर्जी, नुसतं वास्तव्य की फुप्फुसात घुसलेली बुरशी, हे मी सांगू शकत नाही. त्यासाठी छातीचा सीटी स्कॅन आणि रक्तातलं आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रतिपिंड, तपासावं लागतं. चुलत्यांना पूर्वी टीबी झाला असेल तर तेही छातीच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण टीबीच्या जुन्या पोकळीत ही बुरशी घर करते. आणि इट्राकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी सुरू झाली तर इनहेलरसकट सगळी औषधं डॉक्टरांपुढे ठेवा. त्या गोळीमुळे काही स्टिरॉइडं शरीरात जास्त वेळ टिकतात.

काढ्याने यातली कुठलीच तार जुळत नाही. साखर तपासून घ्या. आणि यंदा भिजलेली बनीम उकलताना चुलत्यांना मळणीयंत्राजवळ उभं करू नका. वडिलांनीही उपरण्यावर भागवू नये, बीजाणू त्यातून सहज जातात. एन-95 मास्क नाकावर घट्ट बसवूनच कामाला लागा.