खोकं फोडू नकोस

प्रिय पोरी,

आयर्लंडहून आलेला तुझा मेल दोनदा वाचला. नाटकाची प्रकाशयोजना करणाऱ्या बाईंचं एक खोकं तुमच्या आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात, तुझ्या टेबलावर आलंय. संहिता आहेत, उत्तर आयर्लंडमधल्या नागरी हक्क चळवळीची १९६८-६९ची पत्रकं आहेत, फिल्मचे तीन डबे आहेत. वरून हुकूम असा की संहिता नाट्यविभागात, पत्रकं राजकीय संग्रहात आणि डबे डब्लिनच्या फिल्म आर्काइव्हला पाठवायचे. वर तू विचारतेस, यात चुकलं काय?

चुकलं. खोकं फोडू नकोस, म्हणजे आतलं सामान वेगळं करून वाटू नकोस.

बेलफास्टच्या लिनन हॉल लायब्ररीची गोष्ट तुला पाठ असेल. १९६८ साली एका पबमध्ये ग्रंथपाल जिमी व्हिटींच्या हातात नागरी हक्कांचं पत्रक पडलं आणि त्यांनी ते जपून ठेवलं. तिथून सुरू झालेला संग्रह आज साडेतीन लाख वस्तूंच्या आसपास आहे. या गोष्टीत सगळ्यांना "जपून ठेवलं" एवढंच ऐकू येतं. मला "पबमध्ये" ऐकू येतं. पत्रक कुठे, कोणाच्या हाती आलं हे गेलं की उरतो तो छापलेला कागद, आणि तसे शंभर मिळतात.

मी एकदा असंच खोकं फोडलंय. पंचवीसेक वर्षं झाली. प्रॉम्प्टरच्या प्रतीत दुसऱ्या अंकापाशी मोर्चाचं एक पत्रक खुणेसाठी घातलेलं होतं. त्याच्या आणखी चार प्रती आमच्याकडे होत्या, म्हणून मी ते "दुबार" लिहून काढून टाकलं. तीन वर्षांनी एक अभ्यासक संहिता घेऊन आला. समासात पेन्सिलीने फक्त "मागे पाहा" असं लिहिलेलं होतं. कशाच्या मागे? त्या पत्रकाच्या मागे. दुसऱ्या अंकाचे सगळे लाइट क्यू, म्हणजे कुठल्या क्षणी कुठला दिवा, तिथे लिहिलेले असणार. कोऱ्या पाठीच्या चार प्रती आम्ही मात्र आम्लमुक्त फोल्डरमध्ये जपून ठेवल्या होत्या.

तेव्हा माझा करार आठ महिन्यांचा होता, आठवड्याला किती खोकी उपसली याचा हिशेब द्यावा लागायचा, आणि सगळे तसंच करत होते. माझ्या जागी दुसरी कोणी असती तरी... जाऊ दे. मी पत्रक उलटून पाहिलं नाही, एवढं खरं.

आता तू म्हणशील, फिल्म थंड खोलीतच हवी. हवीच! डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला, म्हणजे फिल्म सडायला लागली असेल, तर त्याच दिवशी हलव. मी काय कागदाशेजारी सडू दे म्हणतेय का? वस्तू हलू दे, यादी हलवू नकोस. डब्याच्या जागी चिठ्ठी ठेव: काय होतं, कुठे गेलं, कशाखाली सापडलं. ३० जून १९२२ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सार्वजनिक दप्तर जळालं, शतकांचे कागद गेले. पण कुठल्या कप्प्यात काय होतं हे हर्बर्ट वुडने १९१९मध्येच छापून ठेवलं होतं. त्या यादीच्या आधाराने शंभर वर्षांनी, २०२२मध्ये, इतर ठिकाणच्या प्रती जोडत आभासी दप्तर उभं राहिलं. यादी म्हणजे कारकुनी काम, असं पुन्हा लिहिलंस तर बघ.

आणि डब्यावर "डेरी, ऑक्टोबर" दिसलं म्हणून हुरळू नकोस. ५ ऑक्टोबर १९६८ला डेरी शहरातल्या ड्यूक स्ट्रीटवर मोर्चावर चाललेल्या लाठ्या आरटीई या आयरिश वाहिनीच्या कॅमेरामन गे ओब्रायनने टिपल्या, आणि ती चित्रफीत जगाने पाहिली. तुझ्या डब्यात कोणाच्या तरी भाचीचा वाढदिवस निघेल. निघू दे. दिवसा मोर्चा, संध्याकाळी तालीम आणि मधे भाचीचा केक, हे सगळं एकाच बाईचं होतं. तीन विभागांत वाटल्यावर ती बाई कोणालाच सापडायची नाही.

साहेबांना माझं नाव सांगायचं तर सांग, त्यांना नवल वाटणार नाही.

उद्या काही काढण्याआधी वरून फोटो घे. मग एकेक थर, खाली उतरत. गंजलेल्या टाचण्या काढ, पण कोणते कागद एकत्र टोचले होते ते आधी लिही. प्रत्येक कागद उलटून बघ. आणि बाईंच्या घरी फोन करून विचार, खोकं माळ्यावर होतं की पलंगाखाली.

तुझी,
मावशी