गाणं सुरू झालं की पुस्तकात नुसती बघत राहते

ताई, जय ख्रिस्त. माझं वय 41, राहुरी तालुक्यात राहते. माझे मिस्टर दोन वर्षांपासून डायलिसिसवर आहेत, आठवड्यातून तीन वेळा. पहाटेच्या एसटीने नगरला जायचं, अंधार पडल्यावर परतायचं. दीड एकर रान विकलं. किडनी द्यायला माझा रक्तगट जुळला नाही. उपास केले, चाळीस दिवस एक वेळ जेवले. मध्यंतरी आमच्या प्रार्थनासभेला बाहेरून एक भाऊ आले होते. यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, विश्वास पुरा असता तर मशीन लागलंच नसतं, घरात काहीतरी लपलेलं पाप आहे, मशीन सोडा आणि साक्ष द्या. तेव्हापासून हे विचारतात, सोडून बघू का? माझी प्रार्थना बंद पडलीये. देवळात बसते, गाणं सुरू झालं की पुस्तकात नुसती बघत राहते. मुलगी दहावीला आहे. ती म्हणाली, आई, देव ऐकत नाही का गं? मला उत्तर देता आलं नाही. कधी वाटतं, सकाळी जागच येऊ नये. देवाने आम्हाला टाकलं का?
– एक बहीण

प्रिय भगिनी, जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न देवाबद्दलचा आहे, पण आधी मशीनचं बोलते, कारण त्याला थांबायला वेळ नाही. डायलिसिस सोडायचं नाही. एक पाळीसुद्धा चुकवायची नाही. मूत्रपिंडं काम करत नसली की अंगात पाणी साचतं, ते फुप्फुसात उतरतं. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदय अचानक बंद पडू शकतं. डोक्यावर हात ठेवून गेलेले भाऊ त्या रात्री तुमच्या घरी नसतील. मिस्टरांना हे माझ्या नावाने वाचून दाखवा.

त्यांना आणखी एक दाखवा. बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या हातून कितीतरी लोक बरे झाले, पण त्याच पौलाने आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेत गावी आजारीच मागे ठेवलं. त्याचा तरुण सहकारी तीमथ्य वरचेवर आजारी पडायचा. पौलाने त्याला विश्वास वाढवायला सांगितलं नाही, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. त्या काळचं ते औषधच. आणि पौलाच्या सोबत्यांत लूक होता, त्याची ओळख पौल 'प्रिय वैद्य' अशी करून देतो. तुमच्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती जोडप्याने 1970 मध्ये खेड्यापाड्यांतल्या आरोग्याचं काम सुरू केलं, ते त्यांच्या विश्वासापोटीच. मिस्टरांच्या हातावर डायलिसिससाठी जोडलेल्या शिरेवर, म्हणजे फिस्टुल्यावर, तुम्ही रोज बोटं ठेवत असाल. खाली मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते ना? ती लागली, म्हणजे शीर चालू आहे हे कळलं, की तुमचा जीव भांड्यात पडतो. त्या थरथरीबद्दल देवाचे आभार मानायला मला जराही संकोच वाटत नाही. मशीन लावून घेणारा माणूस अविश्वासी, असं शास्त्रात कुठेच नाही.

आता लपलेल्या पापाचं. हे वाचलं तेव्हा मला राग आला, आणि तो मी आवरत नाही. दोन वर्षं पहाटे उठून नवऱ्याला एसटीत चढवणाऱ्या बाईला कुणी हे ऐकवावं? जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी येशूला नेमकं हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. योहानाचा नववा अध्याय काढून बघा. बायबलमधल्या ईयोबावर संकटामागून संकट आलं. त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, आणि त्यांनी केलेलं चांगलं काम तेवढंच. तोंड उघडलं तसे तेही लपलेलं पाप शोधायला लागले. शेवटी देवाने त्यांनाच सुनावलं, की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. आणि ईयोब काय बोलला होता? जन्माचा दिवस शापला होता. देवाला कोर्टात खेचायची भाषा केली होती. पुस्तकभर तक्रार करणाऱ्याला देव खरा म्हणतो आणि देवाची बाजू मांडणाऱ्यांना खोटं. मिस्टरांचं दुखणं कुणाच्या पापाचा हिशेब नाही, एवढं मी तुम्हाला खात्रीने लिहू शकते. मग ते का आलं? याचं उत्तर माझ्याकडे नाही. जो पटकन देतो, त्याच्यापासून जरा लांब राहा.

सकाळी जागच येऊ नये, हे वाक्य मी तीनदा वाचलं. ते लिहिलंत हे फार बरं केलंत. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून हेच म्हणाला होता, आता पुरे, माझा जीव घे. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेने अग्नी उतरला होता. म्हणजे विश्वासाची कमतरता त्याच्याकडे नक्कीच नव्हती. देवाने त्याला रागावलं नाही, पाप विचारलं नाही, शास्त्रपाठही दिला नाही. त्याला झोपू दिलं. मग दूताने हलवून उठवलं आणि म्हटलं, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. त्याने खाल्लं आणि तो पुन्हा झोपला. दूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा तेच, ऊठ, खा, तुला लांबचा पल्ला गाठायचाय. बोलणं पुढे झालं, होरेब डोंगरावर, पोट भरल्यावर.

म्हणून तुमचे उपास आजपासून बंद. डायलिसिसच्या दिवशी मिस्टरांचं पथ्याचं तुम्ही करून नेत असाल. स्वतःसाठी काय नेता? खरं सांगा. चहा आणि दोन बिस्किटं असेल तर उद्यापासून भाकरी-भाजी बांधा. चार तास मशीन चालतं, तेवढ्यात एखाद्या बाकावर पाठ टेकून झोपा. आणि तो सकाळचा विचार पुन्हा आला, तर कुणाशी तरी बोलल्याशिवाय तो दिवस जाऊ देऊ नका. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीतून बोलतात. तिथे फोन केला म्हणजे देवावरचा भरवसा सुटला असं होत नाही.

प्रार्थना बंद पडलीये म्हणता. स्तोत्रसंहितेतलं 88वं स्तोत्र काढा. बाकी बहुतेक रडगाणी शेवटी कुठेतरी वळतात, 'तरी मी तुझी स्तुती करीन' असं काहीतरी येतं. 13वं घ्या, 22वं घ्या, दोन्हींत ते वळण आहे. या स्तोत्रात ते नाही. माणूस रात्रंदिवस हाका मारतो, तू तोंड का लपवतोस म्हणतो, आणि स्तोत्र अंधारावरच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही. माझी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा कितीतरी महिने मला स्वतःचे शब्द फुटत नव्हते. मी तिच्या उशाशी बसून हेच एक वाचायची, तेही मोठ्याने नाही, ओठ हलवून. मला तेव्हा बरं वाटायचं असं नाही सांगणार. पण आपल्या आधी कुणीतरी इथे बसून गेलंय, हे कळायचं. ज्याच्याशी नातं संपलं त्याच्याशी माणूस भांडत नाही, भगिनी. देवळात गाणं येत नसेल तर नका गाऊ. पुस्तक हातात धरून बसा. तुमच्या वाटणीचं शेजारची बाई गाईल, मंडळी त्यासाठीच असते.

पंडिता रमाबाईंची आठवण येते. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. आईबाप आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत, पुढे भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा, असं सगळं आधीच जाऊन झालं होतं. केडगावला मुक्तीसदनात रमाबाई बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. ते त्यांनी सोडलं नाही. एप्रिल 1922 मध्ये त्याही गेल्या. त्यांना 'का'चं उत्तर मिळालं होतं म्हणून त्या लिहीत राहिल्या, असं मला वाटत नाही. ईयोबाच्या आणि यिर्मया संदेष्ट्याच्या रडण्याला मराठी शब्द शोधताना त्यांना स्वतःचं काय काय आठवलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

आता थोडं कामाचं. पैसे खिशातून जात असतील तर हॉस्पिटलमध्ये सरकारी योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं का ते विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. जिल्हा रुग्णालयातल्या सरकारी डायलिसिस केंद्राचीही चौकशी करा. तुमचं मूत्रपिंड जुळलं नाही म्हणजे रस्ता संपला असं नाही. पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या, किडनीची वाट बघणाऱ्यांच्या यादीत नाव लागलंय का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. रविवारी पाळकसाहेबांना गाठा, त्या भाऊंचे शब्द जसेच्या तसे सांगा. अशा माणसाला पुन्हा सभेत उभं करायचं की नाही, ते मंडळीच्या वडिलांनी ठरवावं. महिला मंडळाला 'आमच्यासाठी प्रार्थना करा' एवढंच म्हणू नका, काम सांगा. एक पाळी कुणीतरी मिस्टरांबरोबर जावं, एका दिवसाचा डबा कुणीतरी द्यावा. मागायला लाज वाटेल. गेथशेमाने बागेत येशूनेही तिघांना सोबत नेलं आणि म्हटलं, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले, ही गोष्ट वेगळी. त्याने मागितलं तर होतं.

मुलीला काय सांगायचं? 'मलाही कळत नाही, बाळा' असं म्हणा. दहावीच्या मुलीला आईचं गप्प बसणं जास्त भीती घालतं. आपला मित्र लाजार मेला तेव्हा येशू रडला, ते तिला वाचून दाखवा. थोड्या वेळाने तो लाजाराला उठवणार होता, हे त्याला ठाऊक होतं, तरी आधी लाजाराची बहीण मरिया आणि बाकीचे रडताना बघून तो रडला. तिने विचारलं, मग आपल्या पप्पांना का नाही उठवत, तर तिला थांबवू नका. तिचा प्रश्न आणि तुमचा प्रश्न एकच आहे. रात्री दिवा मालवण्याआधी दोघींनी मिळून तो देवाला एकदा विचारा, एका वाक्यात, आणि झोपा.

पुढच्या पत्रात तीन गोष्टी कळवा. मिस्टरांच्या डायलिसिसच्या किती पाळ्या न चुकवता झाल्या, आरोग्यमित्र काय म्हणाला, आणि मुलीचा गणिताचा अभ्यास कुठवर आलाय. तुमच्या बाकावर मीही तुमच्याबरोबर बसलेय, असं समजा. 88वं स्तोत्र मी आज रात्री तुमच्या नावाने वाचणार आहे.

तुमची ताई