कोकणात विहिरी आणि शेतीच्या पाण्याची तपासणी करण्याचं काम कसं असतं? एवढा पाऊस पडत असताना त्याला अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की भूगर्भशास्त्रात बीएस्सी झालंय, रायगड-रत्नागिरीच्या किनारी गावांत विहीर तपासनीस म्हणून कंत्राटी काम मिळतंय, ते घ्यावं का. आणि शेवटी जोडलंय की कोकणात एवढा पाऊस, मग तिथे पाणी मोजण्याला काही अर्थ आहे का. हे शेवटचं वाक्य वाचलं नसतं तर मी लिहायला बसलो नसतो.

मी नऊ वर्षं हे काम केलं, एका संस्थेत, कंत्राटावरच. पाऊस पडतो, अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो. पण इथला जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. दिवाळी सरली की पऱ्ये, म्हणजे ओहोळ, बारीक होतात आणि शिमग्यानंतर सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उंच माळावरच्या, वाड्यांत टँकरची वाट बघतात. खाली किनाऱ्यावर वेगळीच गत. तिथली आगरं, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागा, पुळणीच्या वाळूवर उभी आहेत आणि त्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण ४० मीटर असतं, असा ठोकताळा तुम्ही शिकला असालच. त्याची दुसरी बाजू गावात कुणी सांगत नाही. वरचं हातभर उपसलं की खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढतं. म्हणून मोजायचं.

कामाचं म्हणाल तर टेप, खडू, वही आणि खारेपणाचा मीटर. टेपच्या शेवटच्या मीटरभर भागाला खडू घासायचा, वजन लावून विहिरीत सोडायचा, वर काढला की ओल्याची रेघ स्पष्ट दिसते. कठड्याची उंची वजा करायला नवीन मुलं हमखास विसरतात आणि सगळ्या गावाची पातळी दोन-अडीच फुटांनी चुकते. पंप किती तास चालतो ते विचारा, पण त्यावर विसंबू नका. पाणीपट्टी लागेल या भीतीने लोक तास कमी सांगतात. त्यापेक्षा पंप लावायला सांगा आणि तासाभराने परत टेप सोडा. चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाणी १ मीटर उतरलं म्हणजे साडेबारा हजार लिटर गेलं, वर तेवढ्या वेळात झऱ्यातून आलेलं वेगळं. ते कळायला पंप बंद करून पातळी किती वेळात चढते तेही बघायचं.

आता जे सांगायचं आहे ते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं. त्या पट्ट्यातल्या एका गावात माझ्या यादीत चौदा विहिरी होत्या. त्यातली एक एका आजींची. त्यांच्या आगरातल्या पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या, नारळ चार उरले. ऐंशीच्या घरातल्या बाईने पुन्हा पोफळीची रोपं लावली. पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. रोपं म्हणजे रोजचं शिंपणं. त्याच सुमाराला शेजारच्या जागेत पर्यटकांसाठी खोल्या झाल्या आणि बोअर पडली.

मे २०२१ मध्ये आजींच्या विहिरीचा खारेपणाचा आकडा ६८० होता, मायक्रोसीमेन्समध्ये; आकडा जितका मोठा तितकं पाणी खारं. मे २०२२ मध्ये १,३४०. मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "आपलं काम नोंद घेणं. मालकाला काही बोलू नकोस, अहवालात येईल." आजी कठड्याला टेकून उभ्या होत्या. "कसं आहे रे पाणी?" मी म्हणालो, "अहवाल येईल, आजी." चहा घेतला आणि निघालो.

मे २०२३ ला आकडा २,७१०. रोपांची पानं टोकाकडून तपकिरी होत देठापर्यंत करपली होती. आजींनी एक पान ओढून माझ्या हातात दिलं. काठाला ते कागदासारखं मोडत होतं. त्या म्हणाल्या, "तुझ्या यंत्राला गेल्या वर्षीच कळलं होतं का?" मी हो म्हणालो. खोटं बोलणं शक्यच नव्हतं, वही उघडी होती.

अहवाल गेला होता. कुणाच्या तरी कपाटात तो असेल. पण २०२२ लाच मी बोललो असतो तर पंपाचा फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणारं खालचं टोक, विहिरीच्या तळाशी न ठेवता वर घेता आला असता. एका दमात उपसण्याऐवजी सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं काढता आलं असतं. नारळ खारं पाणी सोसतो, पोफळ सोसत नाही, तेव्हा रोपांपुरतं आतल्या बाजूच्या विहिरीचं पाणी आणता आलं असतं. यातलं काहीही अवघड नव्हतं.

त्याच दिवशी वही घेऊन शेजारच्या मालकाकडे गेलो. माणूस वाईट नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने टाकी भरायची वेळ बदलली आणि बाग भिजवणं कमी केलं. पुढच्या मे मध्ये आकडा १,९०० वर आला. रोपं निम्मी गेली ती गेलीच. साहेबांशी माझं यावरून कडाक्याचं भांडण झालं आणि आजही माझं म्हणणं तेच आहे. विहीर ज्याची, आकडा आधी त्याला. त्यानंतर मी प्रत्येक विहिरीवर तारीख, पातळी आणि खारेपणा लिहिलेली चिठ्ठी मालकाच्या हातात देऊ लागलो. जो तपासनीस मोजतो आणि गप्प निघून जातो, त्याने आलं नाही तरी गावाचं काही अडत नाही.

दोन गोष्टी राहिल्या. एका आकड्यावर कुणाला घाबरवू नका. खतामुळेही मीटर चढतो, म्हणून क्लोराइडसाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवा आणि मे चा आकडा मे शीच ताडून बघा, ऑक्टोबरशी नाही. आणि साहेबांची भीती अगदीच पोकळ नव्हती. बोअरवरून भाऊबंदकी पेटते, आणि तुम्ही कुणाच्या बाजूने बोललात अशी आवई उठायला वेळ लागत नाही. म्हणून आकडा सांगा, दोष कुणाला देऊ नका. राज्याचा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून लागू आहे, त्यात विहिरींची नोंदणीही आहे. तो वाचून जा, गावात विचारतात.

पगाराचं मी सांगणार नाही, प्रत्येक कंत्राट वेगळं. पेट्रोल वेगळं मिळतं का ते पाहा. आणि करारात माहिती गोपनीय ठेवण्याचं कलम असेल तर सही करण्याआधी एवढं विचारा की विहिरीचा आकडा तिच्या मालकाला सांगता येईल का. नाही म्हणाले तर दुसरं काम बघा.