वेलांटी आधी की अक्षर आधी?

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीची मिळून २८ मुलं आणि चालू संगणक ४. मुलांना मराठी टायपिंग शिकवतेय. ‘कमळ’, ‘मासा’ पटकन जमतं, पण ‘दिवा’ लिहिताना पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ येतं आणि ‘कविता’चं ‘किवता’ होतं. कीबोर्ड बिघडलाय का?
– एक शिक्षिका

उत्तर : कीबोर्ड ठणठणीत आहे बाई. मुलं पाटीवर लिहितात तसंच टाइप करताहेत, एवढंच. पाटीवर आधी वेलांटी काढायची आणि मग ‘द’. इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे तुमच्या कीबोर्डवरच्या मराठी अक्षरांच्या मांडणीत, मात्र उच्चाराचा क्रम चालतो : आधी ‘द’, मग वेलांटी. म्हणजे इंग्रजी ‘ओ’चं बटण, मग ‘एफ’, मग ‘बी’, मग ‘ई’ : दिवा. सुरुवातीलाच वेलांटी दाबली तर तिला बसायला अक्षर नसतं, म्हणून ते वर्तुळ. ‘कविता’त ती ‘व’च्या आधी दाबली की मागच्या ‘क’ला चिकटते. ही चूक जास्त फसवी, कारण वर्तुळ दिसत नाही आणि मुलाला सगळं बरोबरच वाटतं.

म्हणून टाइप करण्याआधी शब्द तोंडाने फोडून घ्या : ‘द… ला ऱ्हस्व वेलांटी… व… ला काना’. जोडाक्षरालाही हीच युक्ती. ‘शब्द’ म्हणजे श, ब, पाय मोडायचं बटण (इंग्रजी ‘डी’), द. पहिले आठ दिवस जोडाक्षरं नकोतच.

इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणारा फोनेटिक कीबोर्ड मोठ्यांना सोपा वाटतो. तिसरीतल्या मुलाला मात्र ‘ळ’ कुठल्या इंग्रजी अक्षरावर शोधायचा हे नवं कोडं होतं. इन्स्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजवीकडे बहुतेक व्यंजनं. ही विभागणी मुलं लवकर उचलतात. बटणांवर सगळी अक्षरं एकदम चिकटवू नका. आठवड्याला सहा पुरेत. दहा बोटांचा आग्रहही आत्ता नको, हात लहान असतात.

चार संगणकांवर एका वेळी आठच मुलं बसवा, दोघांत एक. एकाने शब्द फोडून सांगायचा, दुसऱ्याने बटणं दाबायची, पाच मिनिटांनी अदलाबदल. सांगणाऱ्याने कीबोर्डला हात लावायचा नाही. हा नियम नसेल तर चुणचुणीत मूल दोघांचंही काम उरकतं. बाकीची वीस मुलं तोवर वहीत शब्द फोडतील.

माउसचंही सांगते. डबल-क्लिक करताना लहान हात मधल्या क्षणात माउस हलवतो आणि फाईल उघडण्याऐवजी सरकते. एकदाच क्लिक करून एंटर दाबायला शिकवा. सेटिंग्जमध्ये जाऊन पॉइंटर मोठा आणि त्याचा वेग कमी करून ठेवा.

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. आत्ताच कोडिंगचा क्लास लावला नाही तर ती मागे पडेल का?
– एक पालक

उत्तर : नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यात येतं. कोडिंग म्हणजे संगणकाला नेमक्या, क्रमवार सूचना देणं, आणि ते संगणकाशिवायही शिकता येतं. क्लासचे पैसे वाचवा आणि अंगणात खडूने पाच बाय पाच चौकोन आखा. दोन-तीन चौकोनांत अडथळा म्हणून चपला ठेवा. चपला चुकवून तुम्हाला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेणारी बाणांची चिठ्ठी मुलीने लिहायची, तुम्ही डोकं न चालवता तेवढंच पाळायचं. पहिल्याच फेरीत गोंधळ होईल : तिने काढलेल्या उजव्या बाणाचा अर्थ ‘उजवीकडच्या चौकोनात जा’ की ‘जागीच उजवीकडे वळ’? त्यात तुमचं तोंड तिच्याकडे असेल तर तुमची उजवी बाजू तिला डावी. अर्थ तिलाच ठरवू द्या, चिठ्ठी तिलाच दुरुस्त करू द्या.

टॅब्लेट असेलच तर ‘स्क्रॅच ज्युनिअर’ हे कोडिंगचं ॲप पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीच बनवलेलं आहे आणि फुकट आहे. त्यातल्या सूचनांच्या ठोकळ्यांवर शब्द नसून चित्रं असतात, त्यामुळे वाचनावाचून अडत नाही. तिथे उजवा बाण म्हणजे उजवीकडे सरकणं, आणि वळण्याचा ठोकळा निराळा आहे. अंगणातलं भांडण तिथे निकाली निघेल.