वाचक विचारतात

प्रश्न : इंग्लंडचा टॉम फिनी फुटबॉलपटू असतानाही प्लंबिंग करायचा, हे खरं का? आणि का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : अगदी खरं. इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहरातल्या या पोराला तिथल्याच प्रेस्टन नॉर्थ एंड या फुटबॉल क्लबने बोलावलं, तेव्हा वडिलांनी बजावलं, आधी हाताला कसब, मग चेंडू. पुढे तो इंग्लंडकडून ७६ सामने खेळला, ३० गोल केले, तरी नळांची कामं सुटली नाहीत. भावाबरोबर धंदाच होता त्याचा.

कारण पगार. त्या काळी फुटबॉल लीगने, म्हणजे इंग्लिश क्लबांच्या साखळी स्पर्धेने, कमाल पगार ठरवून दिला होता. १९५२ साली तो आठवड्याला १४ पौंड. तुम्ही कितीही मोठे असा, त्यावर छदाम नाही. त्याच वर्षी इटलीच्या पालेर्मो क्लबने त्याला नुसत्या सहीचे १०,००० पौंड देऊ केले, वर घर आणि गाडी. प्रेस्टनच्या अध्यक्षांनी साफ नकार दिला. करार असा असे, की क्लबच्या परवानगीशिवाय खेळाडूला हलताच येत नसे. मला ही सरळ वेठबिगारी वाटते. माणूस खेळाडू असला म्हणून काय झालं? १९६१ च्या जानेवारीत ही मर्यादा उठली, पण फिनी १९६० मध्येच जांघेच्या दुखण्याने निवृत्त झाला होता.

लीगमधली सगळी कारकीर्द एकाच क्लबात, तिथे १८७ गोल, आणि मोठं विजेतेपद एकही नाही. एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेची १९५४ ची फायनल प्रेस्टन ३-२ अशी हरलं. प्रेस्टनला गेलात, तर डीपडेल मैदानाबाहेरचा त्याचा पुतळा जरूर पाहा. साचलेल्या पाण्यातून चेंडूमागे झेपावणारा फिनी, आणि भोवती खरंखुरं उडणारं पाणी.