बाळाची कार सीट हलते, काय करू?

प्रश्न : मुलगी 10 महिन्यांची आहे, चाइल्ड सीट बेल्टने बांधलीय पण वळणावर हलते, पुढे माझ्या शेजारी लावू का?

उत्तर : ताई, पुढे नकोच! या वयात सीटचं तोंड मागे असतं आणि समोरून एअरबॅग उघडली तर जिवावर बेतेल. मागेच ठेवा, सीट हाताने जोरात दाबून बेल्टची सगळी ढिलाई ओढून घ्या आणि मग बेल्ट जातो तिथेच धरून हलवून बघा, 2.5 सेंमीपेक्षा जास्त हलता कामा नये, वरचं टोक थोडं हललं तरी घाबरू नका. खांद्याचा पट्टा चिमटीत येत असेल तर अजून घट्ट करा. आणि हो, थंडीत जाड स्वेटरवरून पट्टे बांधू नका, स्वेटर काढून वरून पांघरूण घाला. 15 महिन्यांआधी तोंड पुढे करायची घाई तर अजिबात नको.