खर्च कुणाच्या अंगावर?

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला आणि माझी झोप गेली. दुसऱ्या पेठेच्या फुटबॉल टीमनं सीझनसाठी रक्कम देऊ केलीय, तू नाही म्हणायच्या बेतात आहेस, घरात कुणाला ते पटत नाही. इथवर समजलं. पण त्याखाली तू त्या जुन्या इंग्रज फुटबॉलपटूचा, विल्यम केन्यन-स्लेनीचा, फोटो टाकलास आणि लिहिलंस, 'काका, खरा खेळाडू असा असतो, पैशाला न शिवणारा.' तिथं माझा चहा निवला.

केन्यन-स्लेनी मला नवा नाही. तुझ्या वयाचा असताना वाचनालयातल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात तो मला भेटला आणि मी त्याच्यावर पुरता भाळलो. तुला त्याच्या आयुष्यातला एक मिनिट माहीत आहे. उरलेली साठ वर्षं माझ्याकडून ऐक, मग काय ठरवायचं ते ठरव.

तो मिनिट मात्र सोन्याचा, हे मीही मानतो. 8 मार्च 1873, शनिवार. लंडनचं केनिंग्टन ओव्हल, मुळात क्रिकेटचं मैदान. गोलला वरची दांडी नाही, दोन खांबांवर नुसती फीत ताणलेली. जाळी नाही. गोल झाला की दोन्ही टीम बाजू बदलणार. बॉल पायात घ्यायचा, डोकं खाली घालायचं आणि घुसायचं, मागून सात-आठ जण मुसंडी मारत येणार. पास द्यायची कला अजून मुरायची होती. आदल्या नोव्हेंबरात ग्लासगोला इंग्लंड-स्कॉटलंडचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना झाला तो 0-0 सुटला होता. म्हणजे जगात अशा सामन्यातला पहिला गोल अजून व्हायचाच होता. ओव्हलवर पुन्हा हेच दोघे, आणि खेळ सुरू होऊन जेमतेम मिनिट झालं असेल, आणि पंचवीस वर्षांच्या या लष्करी अधिकाऱ्यानं तो मारला. पुढं आणखी एक मारला. इंग्लंड 4-2 जिंकलं. त्यानंतर तो इंग्लंडकडून पुन्हा कधी खेळला नाही. एक सामना, दोन गोल. मला हेच भुरळ घालायचं. मारला, कपडे बदलले, निघाला.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. हा जन्मला राजकोटला, 24 ऑगस्ट 1847 रोजी. बाप मुंबई इलाख्याच्या घोडदळात कॅप्टन. आणि त्या दिवशी स्कॉटलंडसाठी गोल मारणारा रेनी-टेल्यूर हा मसुरीत जन्मलेला. दोघेही आपल्या मातीत जन्मले, म्हणून तुला गुदगुल्या होतील. होऊ देत. पण कंपनी सरकारच्या घोडदळाचा पगार कुठल्या शेतसाऱ्यातून निघायचा, हे तू शाळेत शिकलायस. त्या पाळण्याचा खर्च कुणाच्या अंगावर होता?

हाच प्रश्न मी तुला या पत्रात पुन्हा पुन्हा विचारणार आहे. कंटाळलास तरी चालेल.

आपल्याकडं म्हणतात, हौसेला मोल नाही. मीही वीस वर्षं म्हणत आलो. साफ खोटं आहे. हौसेला मोल असतं, फक्त ते हौस करणारा देत नाही.

श्रॉपशर परगण्यात शिफनल गावाजवळ हॅटन ग्रेंज नावाची जहागिरी आहे. ती याच्या आईच्या वडिलांची, रॉबर्ट स्लेनींची. ते 1862 साली वारले, इस्टेट लेकीच्या घराकडं आली आणि केन्यन कुटुंबानं आपल्या नावाला स्लेनी जोडलं. पोरगा ईटन या बड्या घरच्या पोरांच्या शाळेत शिकला, मग ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चला, आणि 1867 ला ग्रेनेडियर गार्ड्समध्ये अधिकारी झाला. शनिवारी वाँडरर्स क्लबकडून खेळायचं म्हणून त्याचा दिवसाचा पगार कापला जात नव्हता. गुडघा सुजला तर सोमवारी फोरमन दारात उभा नव्हता. हॅटनची जमीन कुळं कसत होती आणि खंड वेळेवर येत होता. खंड म्हणजे काय हे तुझ्या आजोबांना विचार. त्यांनी तो भरलाय.

मी त्याला वाईट म्हणत नाही. खेळाडू म्हणून तो पक्का होता. त्याच महिन्यात, 29 मार्चला, वाँडरर्सनं ऑक्सफर्ड विद्यापीठाला 2-0 हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचा कप, घेतला, त्या टीममध्ये तो होता. (त्या दिवशी ऑक्सफर्ड-केंब्रिजची बोटींची शर्यत होती, ती बघायला जाता यावं म्हणून फायनल सकाळीच उरकली. हौस बघ कशी असते.) 1875 आणि 1876 ला ओल्ड इटोनियन्सकडून, म्हणजे ईटनच्या माजी विद्यार्थ्यांच्या टीमकडून, तो पुन्हा फायनलपर्यंत गेला, दोन्ही वेळा हरला. आपल्या पैशानं आला, आपल्या पैशानं परत गेला. पण 'आपल्या' हा शब्द इथं जरा जपून वापर.

ओव्हलच्याच सामन्यात बघ. स्कॉटलंडकडं अख्खी टीम लंडनला पाठवण्याइतके पैसे नव्हते. मग लंडनच्या आसपास सोयीनं सापडणारे स्कॉटिश जमवले. त्यात किनेर्ड होता, बँकवाल्या सरदार घराण्यातला, पुढं एफए कपच्या नऊ फायनल खेळलेला. लंडनमध्ये राहतो म्हणून सोयीचा. ग्लासगोत त्या दिवशी कोण घरी बसला असेल, त्याचं नाव तुला कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. रेल्वेचं भाडं नव्हतं, एवढाच त्याचा दोष. अशा माणसाचा फोटो तू मला पाठवत नाहीस.

आणि आजोबा स्लेनी! ही गोष्ट मला फार उशिरा कळली, नाहीतर मी शहाणा झालो असतो. 1833 साली इंग्लंडच्या पार्लमेंटनं एक समिती नेमली होती. गिरण्यांच्या गावांत दाटीनं राहणाऱ्या गोरगरिबांना फिरायला, खेळायला मोकळी जागा उरलीय का, ते बघायला. त्या समितीचे अध्यक्ष होते हे रॉबर्ट स्लेनी. मजुराचं पोर खेळणार कुठं, हा प्रश्न आजोबानं विचारला. नातू खेळला. मजुराच्या पोरांना आणखी पन्नास वर्षं लागली.

1850 च्या कायद्यानं कापड गिरण्या शनिवारी दुपारी दोनला बंद होऊ लागल्या, तेव्हा कुठं लँकेशरच्या कामगाराच्या पायाला बॉल लागला. आणि 31 मार्च 1883 ला त्याच ओव्हलवर, एफए कपच्या फायनलला, लँकेशरच्याच ब्लॅकबर्न ऑलिंपिक या टीमनं ओल्ड इटोनियन्सना जादा वेळेत 2-1 हरवलं. विणकर, सूतकातणारा, प्लंबर, ओतारखान्यातले कामगार. सामन्याआधी ही मंडळी ब्लॅकपूलला समुद्राकाठी राहून सराव करून आली होती, खर्च एका ओतारखान्याच्या मालकानं केला. साहेब मंडळींनी नाकं मुरडली. सराव करतात, म्हणजे काय! खेळायचं सोडून मेहनत करतात! दोन वर्षांनी, 1885 च्या जुलैत, फुटबॉल असोसिएशनला खेळाडूंना पैसे देणं मान्य करावं लागलं. त्यानंतर कप साहेबांच्या हाती पुन्हा आला नाही.

तुझा 'पैशाला न शिवणारा' हा अलंकार त्या नाक मुरडणाऱ्यांचा आहे. पैशाला शिवायची गरजच नव्हती त्यांना, पैसा आधीच अंगावर होता. तू लेका तीन एकर उसाचा धनी, तोही भावाबरोबर निम्मा. तू कुणाची भाषा बोलतोयस?

मेसेजमध्ये 'तत्त्व' हा शब्द चार वेळा आलाय. मी मोजला.

आता माझं ऐक. कुणाला सांगितलेलं नाही, तुलाही सांगावं की नाही यात दोन दिवस गेले. मला तेविसाव्या वर्षी मुंबईच्या एका कंपनीनं बोलावलं होतं. त्यांची फुटबॉल टीम होती, नोकरी कायमची, पगार दरमहा. मी नाही म्हणालो. पेठेचा झेंडा सोडणार नाही, पैशासाठी खेळणार नाही, असं चौकात छाती काढून सांगितलं. लोकांनी खांद्यावर घेतलं. केन्यन-स्लेनी डोक्यात होताच. मी आणखी नऊ सीझन खेळलो, हौसेनं.

माझा थोरला भाऊ तेव्हा शाळा सोडून शेत बघत होता. तो गेला, त्यानंतर त्याची ट्रंक उघडली. आत लाल बांधणीची वही. एका पानावर त्याच्या वाकड्या अक्षरात हिशोब: युरिया एक पोतं. बैलाची पत्री. आईचं औषध. आणि त्याखाली, 'धाकट्याचे बूट, 45 रुपये, उसने.' पुढच्या पानावर 'बूट दुरुस्ती 6.' पुढं 'धाकट्याचा गुडघा, डॉक्टर', समोर आकडा, आणि आकड्यावर रेघ मारून त्याहून मोठा आकडा. नऊ वर्षांची पानं आहेत. कुठं तक्रार नाही, शेरा नाही. बिलाच्या एका ओळीत मी आहे, आणि मी तेव्हा चौकात तत्त्व सांगत होतो.

तर खर्च कुणाच्या अंगावर होता?

तरी एक सांगतो. मी मुंबईला न जाऊन चूक केली, असं कुणी म्हणालं तर मला आजही राग येतो. त्या कंपनीची टीम पुढं बंदच झाली. बाकावर बसून पगार खाल्ला असता मी. इथं शेवटच्या फायनलला पावसात मी जो हेडर मारला, तो अजून चार म्हातारे आठवतात. ते काय पगारानं मिळालं असतं? (हे वाचून तू हसशील. हस. मुंबईची भीती वाटली होती, हेही त्यात आहे, पण ते चौकात सांगता येत नव्हतं.)

आणि तुझ्या साहेबाची एक बाजू मी अजून लपवली, ती आता सांगतो, कारण त्याच्यावर अन्याय नको. फुटबॉल संपल्यावर तो 1882 ला इजिप्तच्या लढाईत गेला, तल-अल-कबीरला लढला, मग 1886 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1908 पर्यंत, श्रॉपशरमधल्या न्यूपोर्टचा खासदार होता. हुजूर पक्षाचा, चर्च मानणारा. पण 1902 च्या शिक्षण कायद्यात त्यानं एक कलम घुसवलं, त्याच्याच नावानं ओळखतात ते. चर्चच्या शाळेत धर्मशिक्षण कसं द्यायचं, ते पाद्री एकटा ठरवणार नाही, शाळेचे सगळे व्यवस्थापक मिळून ठरवतील. कट्टर चर्चवाले, त्याच्याच बाजूचे लोक, खवळले. हा हलला नाही. सरकारी पैसा शाळेत येणार, तर शब्द एकट्या पाद्र्याचा का, असं त्याच्या मनात असेल का? मला तसं वाटायला आवडतं. माझ्यासाठी त्याचा खरा गोल तो. ओव्हलवरचा त्याच्यानंतर.

आता तुझं. पैसे घे किंवा घेऊ नकोस, ते मी ठरवणार नाही. पेठ सोडलीस तर चौकात दोन शिव्या पडतील, त्या खा. पण नाही म्हणायच्या आधी भावाशेजारी बस. उसाला पाणी द्यायला रात्रीची वीज येते तेव्हा मोटर चालू करायला कोण जातं, आणि तुझी मॅच असते त्या दिवशी कोण जातं, एवढंच त्याला विचार. तो 'काही नाही रे, तू खेळ' म्हणेल. माझाही म्हणायचा. त्या उत्तरावर विश्वास ठेवू नकोस.

घेणार असशील तर तोंडी घेऊ नकोस. रक्कम कधी मिळणार ते कागदावर, आणि लिगामेंट तुटलं तर ऑपरेशनचा खर्च कोण करणार तेही कागदावर. सही घे. 'आपलीच माणसं आहेत' म्हणतील. आपल्या माणसांचंच लिहून घ्यायचं असतं. आणि नाही घेणार असशील, हौसेनंच खेळणार असशील, तर खुशाल खेळ. मग मात्र बूट स्वतःच्या कमाईचे घाल आणि पहाटेच्या सरावाआधी एक पाणी तू दे. तोंडावर बोलतोय म्हणून रागावू नकोस. राग माझ्यावरचा आहे, थोडा तुझ्यावर सांडतोय.

रविवारी ये. वही ट्रंकेतून काढून ठेवलीय, अजून कुणाला दाखवलेली नाही. भावाला बरोबर आण. एकटा आलास तर चहा मिळेल, वही मिळणार नाही.

तुझा,
काका